पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर दोष कसा शोधावा

एरवी एका सेल्फमध्ये सुरू होणारी पेट्रोल गाडी पंपावर टाकी भरल्यावर मात्र बराच वेळ सेल्फ मारूनही उठत नाही. उठलीच तर थरथरते, बंद पडू पाहते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि मिनिटभराने सगळे पूर्ववत होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी अगदी सुरळीत चालत असल्यामुळे मेकॅनिकला दोष दिसत नाही. मग आधी प्लग, नंतर बॅटरी आणि शेवटी टाकीतली पेट्रोल पुरवणारी मोटर बदलली जाते आणि पुढच्या वेळी टाकी भरली की गाडी पुन्हा अडते. म्हणूनच या दोषाच्या शोधाचा पहिला भाग मालकानेच करायला हवा, कारण ती वेळ नेमकी त्याच्याच समोर येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी: गाडी अडते ती पेट्रोल भरल्यामुळे, की गरम इंजिन दहा मिनिटे बंद राहिल्यामुळे? पंपावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि बहुतेक चुकीचे निदान इथेच होते. यासाठी एखाद्या दिवशी तेवढेच अंतर चालवून, इंजिन तितकेच तापल्यावर, पेट्रोल न भरता गाडी तेवढाच वेळ बंद ठेवावी आणि मग सुरू करून पाहावी. अशा वेळीही ती अडखळत असेल, तर इंधन भरण्याशी तिचा संबंध नाही. तो गरम इंजिनाच्या स्टार्टिंगचा दोष आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. ती सहज सुरू झाली आणि टाकी भरल्यावरच अडत असेल, विशेषतः फुल्ल टाकीनंतर जास्त आणि पाच-सात लिटर घातल्यावर कमी, तर पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर घ्यावा.

हा व्हॉल्व्ह काय करतो, हे समजले की पुढच्या चाचण्या आपोआप समजतात. पेट्रोलची टाकीत सतत वाफ होते. ती हवेत सोडली जाऊ नये म्हणून कोळशाचे दाणे भरलेल्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, ती शोषून ठेवली जाते. इंजिन तापून गाडी चालू लागली की इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि साठलेली वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागात, ओढून जाळली जाते. वीज नसताना हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असायला हवा. तो उघडा अडकला किंवा आतून गळू लागला, तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये कायमची वाट उघडी राहते. आता टाकीत ३० लिटर पेट्रोल ओतले, की आतली तितकीच वाफमिश्रित हवा जागा सोडते. तिचा मोठा भाग भरण्याच्या तोंडातून उडून जातो, पण काही भाग कॅनिस्टरमार्गे थेट मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसतो. सेल्फ मारताच ईसीयू नेहमीच्या हिशेबाने पेट्रोल फवारतो, त्यात ही वाफ मिसळते आणि मिश्रण इतके दाट होते की ते पेटतच नाही. मे महिन्याच्या दुपारी हा त्रास अधिक जाणवतो, कारण तापलेल्या टाकीत वाफ जास्त असते.

पंपावर अशी गाडी अडली, तर एक्सलेटर पूर्ण दाबून धरावा आणि तसाच धरून सेल्फ मारावा. इंजेक्शन असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये सेल्फ चालू असताना एक्सलेटर पूर्ण दाबलेला दिसला की ईसीयू पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो, नुसती हवा आत जाते आणि दाट मिश्रण पातळ होऊन इंजिन पेटते. पेटताच पाय सोडावा. एक्सलेटर वारंवार मारणे ही कार्बुरेटरच्या काळातली सवय आहे. इथे तिचा उपयोग नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. या युक्तीने गाडी दर वेळी सुरू होत असेल, तर पेट्रोल कमी पडत नसून जास्त होते आहे, एवढे नक्की समजावे.

व्हॉल्व्हची खरी तपासणी घरी, इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि विडी-सिगारेट किंवा आगीपासून दूर करावी. बॉनेटखाली मॅनिफोल्डच्या आसपास प्लास्टिकचा एक लहान भाग सापडेल, ज्याला दोन नळ्या आणि दोन तारांचा एक कनेक्टर जोडलेला असतो. इंजिन सुरू करून कनेक्टर काढावा, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून सोडवावी आणि उघड्या झालेल्या तोंडावर बोट ठेवावे. वीज तोडलेली असल्यामुळे तिथे ओढ अजिबात जाणवायला नको. बोट ओढले जात असेल, तर व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि निदान जवळजवळ पूर्ण झाले. खात्रीसाठी तो काढून एका बाजूने हवा फुंकावी. वीज नसताना ती आरपार जाता कामा नये. तोंडाने ओढून पाहू नये, कारण आत पेट्रोलची वाफ असते. नंतर १२ व्होल्ट दिल्यावर टक् असा आवाज येऊन तो उघडायला हवा. आवाज येतो म्हणून व्हॉल्व्ह चांगला, असे मात्र समजू नये. टक् वाजणारा पण गळणारा व्हॉल्व्ह ही या दोषातली सर्वांत फसवी अवस्था आहे, कारण विजेच्या तपासणीत तो निर्दोष ठरतो आणि चेक इंजिनचा दिवाही बऱ्याचदा लागत नाही. कनेक्टर काढून इंजिन चालवल्यामुळे मात्र तो दिवा लागू शकतो. तो नंतर स्कॅनरने, म्हणजे ईसीयूमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, पुसावा.

एवढे करूनही शंका राहिली, तर पुढच्या वेळी पेट्रोल भरायला निघण्यापूर्वी व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांमधली नळी काढून मॅनिफोल्डचे तोंड रबरी टोपीने घट्ट बंद करावे आणि मग टाकी भरावी. गाडी एका सेल्फमध्ये उठली, तर दोष त्याच वाटेवर आहे. काम झाल्यावर नळी पुन्हा जोडावी. ती वाट कायमची बंद ठेवणे हा उपाय नाही, कारण मग कोळशात साठलेली वाफ जळत नाही आणि हवेत जाते.

स्कॅनर असेल तर काम सोपे होते. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावल्यावर पी ०४९६ म्हणजे नको त्या वेळी वाफ वाहणे, पी ०४४१ म्हणजे वाफेच्या प्रवाहात गडबड, पी ०१७२ म्हणजे मिश्रण दाट आणि पी ०४४३ म्हणजे व्हॉल्व्हच्या विद्युत मंडलात दोष, असे वाचावे. कोड नसला तरी पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचा, आकडा पाहावा. तो उणे १५ टक्क्यांच्याही खाली जाऊन हळूहळू शून्याजवळ येत असेल, तर ईसीयू बाहेरून आलेल्या वाफेची भरपाई करण्यासाठी पेट्रोल कापतो आहे.

आता थांबण्याच्या चाचणीतही जी गाडी अडली, तिच्याकडे वळू. सेल्फ मारण्याआधी किल्ली फक्त ऑन करून दोन सेकंद थांबावे, बंद करावी, असे दोन-तीनदा करून मग सुरू करावे. टाकीतली मोटर दर वेळी लाइनमध्ये दाब भरते. याने गाडी चटकन उठली, तर बंद असताना दाब टिकत नाही, म्हणजे मोटरजवळचा एकदिशा व्हॉल्व्ह किंवा प्रेशर रेग्युलेटर तपासावा. याउलट एक्सलेटर दाबून ती उठत असेल, तर इंजेक्टर ठिबकत असल्याचा संशय घ्यावा. कूलंटचे तापमान चुकीचे सांगणारा सेन्सरही असेच करतो आणि तो स्कॅनरवर सहज पकडता येतो. सेल्फच मंद फिरत असेल, तर हे सगळे बाजूला ठेवून बॅटरी आणि तिची टर्मिनल्स पाहावीत.

भेसळीचा किंवा पाण्याचा संशय लोक सर्वांत आधी घेतात, पण त्याची खूण वेगळी असते. लाइनमध्ये जुने पेट्रोल असल्यामुळे गाडी बहुधा पंपावर सुरू होते आणि थोडे अंतर गेल्यावर मिसिंग करते किंवा बंद पडते. पुढेही ती आपोआप सुधारत नाही. संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पावतीही जरूर पाहावी. पेट्रोलऐवजी डिझेल किंवा डिझेलऐवजी पेट्रोल पडल्याचे कळले, तर किल्ली ऑनसुद्धा करू नये आणि गाडी ढकलून बाजूला घेऊन टाकी रिकामी करवावी. सीएनजीच्या गाड्यांत आणखी एक साधे कारण असते: कंपनीतून किट बसवून आलेल्या अनेक गाड्यांत गॅस भरण्याच्या झाकणाला मायक्रोस्विच असतो आणि झाकण नीट बसले नाही, तर गाडी सुरूच होत नाही.

पर्ज व्हॉल्व्ह दोषी ठरला, तर तो साफ करण्यापेक्षा बदलावा, कारण धुतलेला व्हॉल्व्ह बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा गळतो. मात्र बदलण्यापूर्वी जुना व्हॉल्व्ह आणि नळी पांढऱ्या कागदावर आपटून पाहावी. काळे दाणे पडले, तर कॅनिस्टर आतून फुटला आहे आणि तो न बदलता बसवलेला नवा व्हॉल्व्हही त्याच दाण्यांनी अडकेल. कॅनिस्टर हातात जड लागला किंवा त्यातून द्रव पेट्रोल निघाले, तरीही तो बदलावा. नोझल आपोआप बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी वर पेट्रोल घातले जाते, तेव्हा द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत शिरून कोळसा भिजवते. म्हणून दुरुस्तीनंतर पहिला कट पडताच थांबायला सांगावे आणि पुढच्या दोन-तीन वेळा टाकी भरल्यावर गाडी एक्सलेटर न दाबता उठते का, ते पाहावे.