सोलापुरातून खाण क्षेत्राकडे : विद्यार्थी घडवणाऱ्या शिक्षकांसाठी

सोलापूर जिल्ह्यात कोळशाची वा लोहखनिजाची मोठी खाण नाही. त्यामुळे येथील दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला खाण म्हटले की क्रशर, खडीने भरलेला हायवा (मोठा टिपर) आणि दुपारचा सुरुंग एवढेच आठवते, आणि बहुतेक शिक्षक त्याला 'तो आपला विषय नव्हे' असे सांगून मोकळे होतात. माझ्या मते या ओळखीच्या दगडखाणीपासूनच शिकवण्यास सुरुवात करावी. प्रवेशपरीक्षांची नावे नंतर सांगितली तरी चालतात.

पहिला पाठ बोअरचा द्यावा. उन्हाळ्यात गावात बोअरची गाडी आली की विद्यार्थ्यांनी मालकाची परवानगी घेऊन, यंत्रापासून सुरक्षित अंतरावर थांबून, दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा चालकाच्या मदतीने पिशवीत भरावा आणि पिशवीवर खोली लिहावी. वर माती व मुरूम, खाली काळा पाषाण, मध्येच एखादा तांबडा थर आणि पाणी लागल्याची खोली, हे सारे आलेख-कागदावर उभ्या पट्टीत मांडावे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, तयार झाला, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही. अशा तीन बोअरच्या पट्ट्या शेजारी ठेवून थर जोडायला सांगितले की खरी अडचण पुढे येते : तिन्ही बोअरची तोंडे एका उंचीवर नसतात. लेव्हल यंत्राने ती उंची मोजून सर्व नोंदी एकाच पातळीवर आणाव्या लागतात, आणि खाणीतील भूवैज्ञानिक व सर्वेक्षक यांचे रोजचे काम मुळात हेच असते.

दुसरा पाठ ब्रासचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हे बांधकामाशी संबंध असलेल्या प्रत्येक घराला माहीत असते. एक ब्रास अखंड बेसाल्टचे वजन साधारण आठ टन भरते, तर एक ब्रास खडी साधारण साडेचार टनांची असते, कारण फुटलेल्या दगडात पोकळी वाढते. खड्ड्याचे आकारमान आणि गाड्यांनी वाहिलेला माल यांचा मेळ घालताना हा फरक विसरला तर हिशेब जवळजवळ दुपटीने चुकतो. दगडकामाचा पिढीजात अनुभव असलेल्या वडार कुटुंबांतील मुलांना दगडाची फूट कोणत्या दिशेने जाईल हे अनेकदा शिक्षकांपेक्षा अधिक कळते. वर्गात त्यांना बोलते करावे.

दगडखाण पाहायला न्यायचे असल्यास व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, सुरुंग उडवण्याची वेळ टाळावी, हेल्मेट व बूट यांवाचून कोणालाही आत सोडू नये आणि कड्याच्या काठाशी वा पायथ्याशी उभे राहू देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलाला अनुभव मिळावा म्हणून तेथे कामाला पाठवण्याचा विचारही करू नये.

खाण अभियांत्रिकीसाठी अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी : डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्यावी. रंगांधता असल्यास आयआयटी व एनआयटीमधील खाण अभियांत्रिकीला प्रवेश मिळत नाही. हे निकालानंतर कळले तर वर्ष वाया जाते. तपासणीला मात्र काही मिनिटेच लागतात.

पदवीसाठी धनबादची १९२६ साली स्थापन झालेली आणि आता आयआयटी झालेली संस्था, तसेच खरगपूर व वाराणसी येथील आयआयटी आणि आपल्या राज्यात नागपूरचे व्हीएनआयटी हे मार्ग आहेत. परंतु मध्यम गुणांच्या, हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलासाठी दहावीनंतरची खाणकामाची पदविका मला अधिक व्यवहार्य वाटते. पदविकेनंतर खाणीत ठरावीक अनुभव घेऊन खाण सुरक्षा महानिदेशालयाची परीक्षा दिली की ओव्हरमन (खाणीतील कामावर देखरेख करणारा), आणि पुढे मॅनेजर अशा सक्षमता प्रमाणपत्रांकडे जाता येते. या क्षेत्रात केवळ पदवीवर जबाबदारीचे पद मिळत नाही. हे प्रमाणपत्रच लागते, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगून ठेवावे. विज्ञान शाखेत रमणाऱ्यांनी भूविज्ञान घ्यावे. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचे शिक्षण उपलब्ध आहे. आयटीआयमधील फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक यांचीही खाणींना कायम गरज असते.

पालकांशी बोलताना काही लपवू नये. नोकरी बहुधा चंद्रपूर, वणी, नागपूर किंवा परराज्यात मिळेल, दिवस-रात्रीच्या पाळ्यांमध्ये काम करावे लागेल आणि धुळीपासून फुप्फुसे सांभाळावी लागतील; गारगोटीयुक्त खडकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मुलींच्या पालकांना हेही सांगावे की २०१९पासून तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत नेमण्याची मुभा मिळाली आहे.

सोलापूरकरांना एक फायदा मात्र आहे. वाडीमार्गे रायचूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडीच्या खाणी आहेत, आणि रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आपल्या मुलांना तेथील कामगारांशी पहिल्या दिवसापासून बोलता येते. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत रहिवासाची अट असू शकते, म्हणून शैक्षणिक पात्रतेच्या आधी ती ओळ वाचण्याची सवय लावावी.