जिवंतपणी ख्रिस्तवासी: सार्वकालिक जीवन आज कसे समजून घ्यावे आणि कसे जगावे

मराठी ख्रिस्ती घरात कोणाचे निधन झाले की त्या व्यक्तीच्या नावाआधी 'ख्रिस्तवासी' हा शब्द लागतो. 'कैलासवासी' आणि 'वैकुंठवासी' यांच्या धर्तीवर घडलेला हा शब्द कानाला गोड लागतो आणि शोकाच्या प्रसंगी आधारही देतो. परंतु ख्रिस्तात वास करण्यासाठी आधी मरावे लागते, अशी एक समजूत त्याच्या आडून आपल्या मनात शिरलेली असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, पंधराव्या अध्यायात येशू 'तुम्ही माझ्यामध्ये राहा' असे म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर अकरा जिवंत माणसे होती. जेवण नुकतेच झाले होते आणि त्याला धरून देणारा शिष्य यहूदा उठून बाहेर गेला होता. म्हणजे नव्या कराराच्या, बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, हिशेबाने ख्रिस्तवासी होण्याची वेळ श्वास चालू असतानाचीच आहे. सार्वकालिक जीवन हे मरणोत्तर बक्षीस नसून देवाबरोबर आज सुरू होणारे नाते आहे, हे कसे समजून घ्यावे आणि रोजच्या दिवसात कसे आणावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात शब्दापासून करावी. आपल्या जुन्या, प्रचलित भाषांतरात 'सार्वकालिक जीवन' असा शब्द आहे, काही सोप्या भाषांतरांत 'अनंतकाळचे जीवन' असे म्हटले आहे, तर 'शाश्वत जीवन' हा शब्दही अनेकांच्या बोलण्यात येतो. तिन्ही शब्द ऐकताच मन लांबी मोजू लागते: किती वर्षे, कुठपर्यंत, कधी न संपणारी. मूळ ग्रीक विशेषण मात्र 'युग' या शब्दापासून आलेले आहे. येशूच्या काळातील यहूदी लोक इतिहासाचे दोन भाग मानत असत. पहिले 'हे युग', म्हणजे पाप, अन्याय आणि मरण यांचे, आणि दुसरे 'येणारे युग', म्हणजे देवाच्या राज्याचे. सार्वकालिक जीवन म्हणजे त्या येणाऱ्या युगाचे जीवन. ते संपत नाही हे खरेच, परंतु त्याची ओळख त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या जातीवरून पटते.

मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन हे 'वतन' मिळावे म्हणून काय करावे, असे विचारतो. 'वतन' हा शब्द मराठी वाचकाने जरा थांबून ऐकावा, कारण पाटीलकी आणि कुलकर्णीपण पिढ्यानपिढ्या ज्या हक्काने चालत आले, तोच हा शब्द आहे. त्या माणसाला कागदावर नोंद होईल आणि कोणी काढून घेऊ शकणार नाही असा हक्क हवा होता. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि असलेली मालमत्ता विकून गोरगरिबांना देण्यास व आपल्यामागे येण्यास सांगितले. प्रश्न वतनाचा होता आणि उत्तर सोबतीचे मिळाले, म्हणून तो खिन्न होऊन निघून गेला. त्याच अध्यायात पुढे सार्वकालिक जीवन 'येणाऱ्या युगात' मिळेल असे म्हटले आहे, ही बाब लपवण्याचे कारण नाही. पहिल्या तीन शुभवर्तमानांत हा शब्द बहुधा भविष्याकडेच पाहतो. योहान मात्र तोच शब्द उचलून वर्तमानकाळात आणून ठेवतो.

म्हणून दुसरे काम म्हणजे पेन्सिल हातात घेऊन योहानाचे शुभवर्तमान वाचणे. त्याचे अध्याय 21 आहेत. रोज एक वाचला तर तीन आठवडे लागतात, आणि त्यापेक्षा घाई करू नये. 'जीवन' हा शब्द जिथे येईल तिथे खूण करावी आणि क्रियापदाचा काळ पाहावा. अध्याय 5, वचन 24 मध्ये ऐकणाऱ्याला आणि विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळणार आहे असे म्हटलेले नाही, तर ते त्याला आहे आणि तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असे म्हटले आहे. ग्रीकमध्ये पहिले क्रियापद वर्तमानकाळी आहे, तर दुसरे क्रिया होऊन गेली व तिचा परिणाम टिकून आहे असे सांगणारे आहे. अध्याय 3 वचन 36 आणि अध्याय 6 वचन 47 येथेही हेच आढळेल. आणखी एक गोष्ट मला नेहमी उद्बोधक वाटते: 'विश्वास ठेवणे' हे क्रियापद या शुभवर्तमानात 90 हून अधिक वेळा येते, पण 'विश्वास' हे नाम एकदाही येत नाही. योहानाच्या लेखी विश्वास ही जवळ बाळगण्याची वस्तू नसून करत राहण्याची गोष्ट असावी, असे मला त्यावरून वाटते.

वाचता वाचता सतराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापाशी आलात की तिथे एक दिवस अधिक थांबावे, कारण सार्वकालिक जीवनाची व्याख्या म्हणता येईल असे वाक्य इथे आहे: एकच खरा देव जो पिता, त्याला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखावे, हेच ते जीवन. ही व्याख्या शिष्यांना दिलेल्या धड्यात नाही, तर पित्याशी केलेल्या प्रार्थनेत आली आहे, आणि त्याच रात्री किद्रोन ओहोळापलीकडच्या बागेत प्रार्थना करणाऱ्याला अटक झाली. 'ओळखावे' या क्रियापदाचे ग्रीक रूप एकदाच घडून संपणारी क्रिया दाखवत नाही. ओळखत राहावे, ओळख वाढत जावी, असा त्याचा भाव आहे. मराठीत हा भेद आपल्या हाताशीच आहे. गावच्या आमदाराबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत असते, पण 'ओळखता का?' असे कोणी विचारले तर आपण चाचरतो, कारण ओळख म्हणजे दारात उभे राहिल्यावर आतून आपल्या नावाने हाक येणे.

माहिती आणि ओळख यांतील अंतर पंडिता रमाबाईंइतके प्रांजळपणे फार थोड्यांनी सांगितले असेल. 1858 साली जन्मलेल्या, दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि संस्कृत विद्वत्तेमुळे 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्यांनी अमेरिकेचा दौरा केला आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. म्हणजे काम जोरात चालू होते आणि पंथांच्या शिकवणुकीवर वादविवादही चालू होते. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवली. ज्यांचा जन्म ख्रिस्ती घरात झाला, शब्बाथ शाळा झाली, दृढीकरण म्हणजे मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधीही झाला, त्यांनी या आठ वर्षांचा विचार स्वतःपुरता अवश्य करावा. रमाबाईंनी मधल्या वर्षांना खोटे ठरवले नाही आणि सेवाकार्यही सोडले नाही. पुढे केडगावला त्यांनीच स्थापन केलेल्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या 1922 साली मृत्यू येईपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरावर काम करत राहिल्या.

आता प्रार्थनेकडे वळू, कारण नात्याचा बराचसा सराव तिथेच होतो. तेविसावे स्तोत्र बहुतेकांना पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच त्यातील एक वळण नजरेतून निसटते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' येथपासून तिसऱ्या वचनापर्यंत दावीद देवाविषयी बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि 'तो' चा एकदम 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देवाविषयी बोलणे पुरते, दरीत त्याच्याशी बोलावे लागते. हे स्तोत्र आठवडाभर रोज सावकाश, मोठ्याने वाचावे, चौथ्या वचनापाशी थांबावे आणि तिथून पुढे स्वतःच्या शब्दांत, त्या दिवसाची नेमकी अडचण नावासह सांगत, देवाला 'तू' म्हणून बोलावे. पाठ केलेल्या प्रार्थना टाकून द्याव्यात असा याचा अर्थ नाही. प्रभूची प्रार्थनाही 'तुझे नाव' असेच म्हणते. आपल्याकडे आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणारी घरे आजही पुष्कळ आहेत. त्याच घरांत स्वर्गातील पित्याला मात्र कोणी 'तुम्ही' म्हणत नाही, आणि या सवयीत जवळीक किती गृहीत धरली आहे याची जाणीव प्रार्थना करताना ठेवली, तर वेगळे तंत्र शिकावे लागत नाही.

मात्र प्रार्थनेची पंधरा मिनिटे संपली की दिवसाचे उरलेले तास शिल्लक राहतात, आणि पंधराव्या अध्यायातील 'राहा' या आज्ञेचा संबंध त्या तासांशी आहे. येशू स्वतःला वेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्षबागेत ज्याने छाटणीचा दिवस पाहिला असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कापून सरीत पडलेली काडी सकाळी वेलीवरच्या काडीसारखीच हिरवी दिसते. तिची पाने मान टाकू लागतात तेव्हा फरक कळतो. तुटलेली काडी काही काळ ताजी दिसते, ही गोष्ट मला या रूपकातील सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. आपल्याकडे बाग वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी. खरड छाटणीनंतर बाग अगदी उजाड दिसते, पण त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. फळ देणाऱ्या फाट्यालाच पिता अधिक फळासाठी छाटतो, हे वचन आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर वाचणाऱ्याने या अंगाने वाचावे. आलेले प्रत्येक दुःख ही देवाने केलेली छाटणीच आहे, असे मात्र दुसऱ्याच्या दुःखाबद्दल त्याला सांगायला जाऊ नये.

राहण्याचा व्यवहारातला अर्थ त्याच अध्यायात दिला आहे: त्याच्या आज्ञा पाळणे, आणि आज्ञा एकच, एकमेकांवर प्रीती करणे. आपल्याला हे जीवन मिळाले आहे की नाही, या शंकेने ज्यांना रात्री झोप येत नाही, त्यांनी योहानाचे पहिले पत्र उघडावे. ते पत्र, वाचणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आहे हे त्यांना कळावे म्हणूनच लिहिले असल्याचे पाचव्या अध्यायात म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, आपण मरणातून जीवनात पार गेलो आहोत हे कशावरून कळते, याचे उत्तर मिळते, आणि तिथे शुभवर्तमानातील 5:24 चेच क्रियापद वापरलेले आहे: आपण बंधूंवर प्रीती करतो यावरून. दोन-तीन वचने पुढे योहान आणखी खाली उतरतो आणि संसाराची साधने जवळ असताना गरजू बंधूला पाहूनही ज्याला कळवळा येत नाही, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहणार, असे विचारतो. तेव्हा कसोटी भावनेच्या तीव्रतेत शोधू नये. ज्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे त्याला या आठवड्यात फोन करणे, मंडळीतील एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंच्या घरी किराणा पोहोचवणे, अशा दिसणाऱ्या गोष्टींत ती पाहावी. प्रार्थनेत काहीच वाटत नाही असे कोरडे दिवस येतात, आणि त्या दिवसांतही हे करता येते. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन त्या दिवसांत तर मुळीच टाळू नये, कारण तिथे आपल्या वाटण्यावर काही अवलंबून नसते. भाकर हातात दिली जाते आणि आपण ती घेतो.

एक इशारा येथे द्यायला हवा. सार्वकालिक जीवन आज आहे, हे कळल्यावर काही जण इतके हुरळतात की पुढचे काही उरलेच नाही असे बोलू लागतात. हा दोष नवा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत यांचा उल्लेख आहे, ते पुनरुत्थान होऊन गेले आहे असे सांगून लोकांचा विश्वास डळमळीत करत होते. योहान दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात धरतो: अध्याय 6, वचन 40 मध्ये विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन आहे आणि शेवटच्या दिवशी येशू त्याला उठवील. ज्याला उद्याची आशा नाही, त्याने कबरीपाशी उभे राहून आजच्या नात्याच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे ठरेल.

योहानाच्या अकराव्या अध्यायात, यरुशलेमपासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या बेथानी गावात राहणाऱ्या मार्थेला ही शेवटच्या दिवसाची शिकवण पाठ होती. भाऊ लाजर याला पुरून चार दिवस झाले होते, आणि येशूने तो पुन्हा उठेल असे म्हटल्यावर, शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे, असे तिने उत्तर दिले. उत्तर बरोबर होते आणि येशूने ते खोडले नाही. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, असे सांगून त्याने तिची नजर तारखेवरून स्वतःकडे वळवली आणि हे तू खरे मानतेस काय, असे विचारले. पुढच्या अध्यायात, वल्हांडण या यहूदी सणाच्या सहा दिवस आधी, त्याच गावात जेवणाचा बेत आहे. ज्याला कबरीतून बाहेर बोलावले तो लाजर पुन्हा मरणाधीनच आहे, इतका की मुख्य याजक त्यालाही ठार मारण्याची मसलत करत आहेत. आणि तो येशूच्या पंगतीला बसला आहे, मार्था वाढते आहे.