रोव्हरच्या मागे मागे: मंगळावरचा प्रवास कच्च्या फोटोंमधून कसा बघायचा

मंगळाचे फोटो सगळेच बघतात, रोव्हरचा, म्हणजे तिथे फिरणाऱ्या यंत्रगाडीचा, प्रवास मात्र फार थोडे लोक बघतात. बातमीत येतो तो फोटो निवडून, रंग सुधारून, बरेच तुकडे जोडून केलेला असतो, दिसतो भारी, पण रोव्हर तिथे कुठून आला आणि आता कुठे निघालाय हे त्यातून अजिबात कळत नाही. त्यासाठी कच्चे फोटो बघायचे, म्हणजे रॉ इमेजेस. क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ पासून गेल विवरात फिरतोय आणि पर्सिव्हिअरन्स फेब्रुवारी २०२१ पासून जेझेरो विवरात, दोघांचेही कच्चे फोटो नासा आले की साइटवर टाकते, लॉगिन नाही काही नाही, कुणीही बघा. २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीपासून ही पद्धत पडली.

आधी एकच रोव्हर पकडा. दोन्ही एकदम बघायला गेलात तर चार दिवसांत सगळी सरमिसळ होते.

मग तारखा विसरा आणि सोल मोजायला लागा. सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं आणि वर ३५ सेकंद. उतरला तो सोल शून्य, तिथून पुढे मोजणी. रॉ इमेजच्या पानावर सोल आणि कॅमेरा असे फिल्टर असतात, त्यात सोल टाकायचा आणि कॅमेरा निवडायचा नॅवकॅम. इथेच बहुतेक जण वाट चुकतात, कारण मास्टकॅमचे रंगीत फोटो सुंदर असतात आणि माणूस तिकडेच ओढला जातो. पण प्रवास दिसतो तो नॅवकॅममध्ये, आणि क्युरिऑसिटीचा नॅवकॅम तर कृष्णधवल आहे, कंटाळवाणाच म्हणा ना. गाडी थांबली की हा कॅमेरा आजूबाजूला नजर फिरवतो आणि त्या फोटोंवरूनच पुढचा रस्ता ठरतो, म्हणजे रोव्हर चालवणारे जे बघतात तेच तुम्ही बघताय. सोबत हॅझकॅम ठेवा, हे चाकांजवळचे, माशाच्या डोळ्यासारखे सगळं वाकवून दाखवणारे कॅमेरे, दगड चाकाच्या किती जवळ आहे ते यांच्यात कळतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, फाइलचं नाव. लोक ते वाचतच नाहीत. नाव रोमन अक्षरांत असतं, एन-एल ने सुरू झालं तर नॅवकॅमचा डावा डोळा, म्हणजे जोडीतला डावा कॅमेरा, एन-आर म्हणजे उजवा, एफ ने सुरू होणारे पुढचे हॅझकॅम आणि आर ने सुरू होणारे मागचे. पर्सिव्हिअरन्सच्या फाइलमध्ये त्यानंतर चार आकडी सोल लिहिलेला असतो. पण खरी गंमत पुढे आहे: नावाच्या मधल्या भागात एका अक्षराला चिकटून सात आकडे येतात, त्यातले पहिले तीन म्हणजे साइट आणि नंतरचे चार म्हणजे ड्राइव्ह. रोव्हर हलला की ड्राइव्हचा आकडा वाढतो, मधेच कधीतरी टीम नवी साइट धरते आणि ड्राइव्ह परत शून्यापासून सुरू होतो. म्हणजे काल आणि आजच्या फोटोत हे सातही आकडे तेच असतील तर गाडी जागची हललेली नाही, नुसता हात किंवा कॅमेऱ्याचा खांब हलला असेल. फोटो न उघडता एवढं कळतं! क्युरिऑसिटीच्या नॅवकॅम-हॅझकॅममध्ये त्या आकड्यांच्या आधीचं अक्षर एफ असेल तर पूर्ण फोटो आणि टी असेल तर नखाएवढा थंबनेल. थंबनेल आधी येतात, मोठा फोटो नंतर येतो, त्यामुळे आज धूसर दिसलं म्हणून वैतागू नका, दोन दिवसांनी परत तोच सोल उघडा.

दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा उघडा. नासाच्या साइटवर दोन्ही रोव्हरचा मार्ग दाखवणारे नकाशे आहेत, जिथे जिथे गाडी थांबली तिथे ठिपका आणि त्याला सोल नंबर. नकाशात ठिपक्यांखाली जमिनीचं जे चित्र असतं ते मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचं, त्यात एका पिक्सेलमध्ये साधारण २५-३० सेंटीमीटर जमीन मावते, म्हणजे मोठा दगड ठिपक्यासारखा दिसतो आणि वाळूच्या लाटा तर स्पष्टच.

आता एक टेकडी धरा आणि सोडू नका. बाकी सगळी युक्ती यातच आहे. सरावासाठी क्युरिऑसिटीचे सोल १४३० ते १४५४ घ्या, ऑगस्ट-सप्टेंबर २०१६, तेव्हा रोव्हर मरे ब्यूट्स नावाच्या सपाट माथ्याच्या सुळक्यांमधून चालला होता. एक सुळका निवडा, त्याच्या माथ्यावरची एखादी खाच किंवा कडेला लोंबणारा थर लक्षात ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर तोच शोधा. आधी समोर असतो, मग बाजूला सरकतो, मग त्याची दुसरी बाजू दिसते जी तुम्ही अजून पाहिलेलीच नसते, आणि एक दिवस तो मागे राहतो. तीन-चार थांबे असे जुळले की नकाशावर बोट ठेवून सांगता येतं, हाच तो.

हिशोब करायची हौस असेल तर तोही सोपाय. क्युरिऑसिटीच्या नॅवकॅमचा फोटो १०२४ पिक्सेल रुंद आणि त्यात साधारण ४५ अंश मावतात. समजा फोटोच्या मध्यभागी एक सुळका १०० पिक्सेल रुंद दिसत होता, रोव्हर सरळ त्याच्याकडे ६० मीटर गेला (हे नकाशावरून मोजा) आणि आता तो २०० पिक्सेल दिसतोय. आकार दुप्पट म्हणजे अंतर निम्मं, म्हणजे अजून साधारण ६० मीटर बाकी. आणि २०० पिक्सेल म्हणजे जवळपास ९ अंश, म्हणजे सुळक्याची रुंदी ९ मीटरच्या आसपास. फक्त तुलना एकाच कॅमेऱ्याच्या फोटोंची करा. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमचा डावा डोळा ३४ मिलिमीटरचा आणि उजवा १०० चा, उजव्यात सगळं तिप्पट जवळ आल्यासारखं वाटतं, आणि पर्सिव्हिअरन्सचा मास्टकॅम तर झूम होतो, तिथे फसायला वेळ लागत नाही.

पुढे बघताय तेवढंच मागेही बघा. मागच्या हॅझकॅममध्ये चाकांच्या चाकोऱ्या दिसतात, आणि क्युरिऑसिटीच्या चाकांवर मोर्स लिपीत जेपीएल (रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) असं कोरलेल्या भोकांचा ठसा आहे, तो दर फेरीला एकदा जमिनीवर उमटतो. चाक ५० सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे दोन ठशांमध्ये साधारण १.५७ मीटर अंतर हवं. ठसे जवळ जवळ पडलेत? मग चाक घसरतंय, फिरतंय जास्त आणि गाडी सरकतेय कमी. ऑगस्ट २०१४ मध्ये हिडन व्हॅलीतल्या वाळूत असाच त्रास झाला आणि रोव्हरला मागे फिरावं लागलं. चाकाखाली कधी कधी घबाडही सापडतं: ३० मे २०२४ ला क्युरिऑसिटीच्या चाकाखाली एक दगड फुटला आणि आत पिवळे स्फटिक निघाले, शुद्ध गंधक! त्याआधी स्पिरिटचं एक चाक अडकलं होतं, ते फरफटत नेताना २००७ मध्ये वरची माती खरवडली गेली आणि खाली जवळपास शुद्ध सिलिका दिसली.

क्षितिजही सोडू नका. गेल विवराची कड दूरवर दिसते ना, ती हवेतल्या धुळीचं मीटर आहे. हवा स्वच्छ असली की कडेवरच्या घळी मोजता येतात, आणि जून २०१८ च्या धुळीच्या वादळात ती कड हळूहळू पुसली गेली ते सोलमागून सोल बघता येतं. आणि क्षितिज तिरकं दिसलं तर फोटो सरळ करू नका प्लीज, गाडी उतारावर तिरकी उभी आहे हीच तर माहिती आहे.

कधी कधी फोटोच येत नाहीत किंवा गाडी एक सोल सोडून एक सोल चालते. लगेच काही बिघडलं असं समजू नका. मंगळाचा दिवस ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे तिथली संध्याकाळ आणि इथलं ऑफिस यांची वेळ सतत सरकते, गाडी कुठे थांबली ते फोटो वेळेत पोचले नाहीत तर पुढचा ड्राइव्ह ठरवता येत नाही. शनिवार-रविवारचं काम शुक्रवारीच एकदम पाठवून ठेवतात. शिवाय दर २६ महिन्यांनी पृथ्वी आणि मंगळाच्या मधे सूर्य येतो, तेव्हा साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणंच बंद असतं.

पॅनोरामा जोडायचा असेल तर हगिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रोव्हरचं अंग दिसणारे फोटो आधी बाजूला काढा, नाहीतर जोड वेडावाकडा येतो. पर्सिव्हिअरन्सचे नॅवकॅम फोटो बऱ्याचदा तुकड्यांत येतात, ते आधी एकत्र करा. डावा-उजवा जोड लाल-निळसर करून थ्रीडी चष्म्यातून बघितलात तर सपाट वाटलेली जमीन किती खड्ड्याखड्ड्यांची आहे ते कळेल.

रोजचे फोटो यायची वाट बघवत नसेल तर ऑपॉर्च्युनिटी घ्या, त्याचा ४५.१६ किलोमीटरचा अख्खा प्रवास संपूर्ण तयार आहे. २००८ मध्ये व्हिक्टोरिया विवर सोडल्यापासून ऑगस्ट २०११ मध्ये एंडेव्हर विवराला पोचेपर्यंतचा तुकडा उचला, दर ५०-६० सोलनंतरचा एकच क्षितिजाचा फोटो बघा, आधी नुसती रेघ, मग उंचवटे, मग सरळ डोंगरच. एक लक्षात ठेवा, पुढच्या उजव्या चाकाला जपायचं म्हणून हा पठ्ठ्या बराचसा रस्ता उलटा चालत गेला, त्यामुळे इथे कुठे चाललोय ते मागच्या हॅझकॅममध्ये शोधायचं आणि चाकोऱ्या पुढच्या हॅझकॅममध्ये.