एसटीच्या जुन्या गाड्या बदलताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडं कुठल्याही डेपोत बघा, नवीन गाडी आली की हार-नारळ होतो आणि ती थेट पुणे-मुंबईला लागते, तिथली जुनी तालुक्याला येते आणि तालुक्यातली पार खिळखिळी झालेली डोंगरातल्या मुक्कामाला जाते. बजेट कमी असताना सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खंबाटकी, खंडाळ्यासारखे घाट सोडले तर हायवेला गाडी एका लयीत पळते, तिथं जुनी गाडीपण निभावून जाते. पण पाटणचं खोरं नाहीतर मेढ्यावरून केळघर चढायचा म्हणजे सारखा दुसरा गिअर आणि सारखा ब्रेक, क्लचप्लेट, लायनर, रेडिएटर सगळंच पिळून निघतं.

पाटणकडं एक मुक्कामी गाडी अशीच वरून उतरत आलेली. ड्रायव्हर रोज शेरा लिहायचा, इंजिन तापतंय. डेपोतून उत्तर एकच, पुढच्या महिन्यात नवीन येणारे, तोवर चालवा. एका सकाळी कॉलेजच्या पोरी भरलेली गाडी चढाला वाफ सोडत उभी राहिली, सोडवायला ब्रेकडाऊन व्हॅन, पोरींसाठी दुसऱ्या रूटची गाडी काढली म्हणून तिकडची फेरीपण रद्द, आणि शेवटी इंजिनचं हेडच गेलं. जेवढा खर्च वाचवला म्हणत होते त्याच्या कितीतरी पट एका दिवसात गेला. आणि पोरींचा पेपर होता हो, तो कुठल्या हिशोबात धरायचा?

खरेदी मुंबईतून होते हे मान्य, पण आलेली गाडी कुठं लावायची आणि कुठली आधी मोडीत काढायची हे तर इथंच ठरतं ना. माझी सवय सांगतो, प्रत्येक गाडीला वहीत एक पान. किलोमीटर, केएमपीएल म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, ब्रेकडाऊन, स्पेअरवर गेलेले पैसे. वर्षातून एकदा खाली झोपून चेसिसचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज स्वतः बघायचा, कलर बघून काही कळत नाही. ज्या पानावर खर्च चढतच चाललाय ती गाडी आधी काढा, मग ती दिसायला कितीपण चकाचक असू दे.

दुसरी चूक, उभ्या गाडीचं सामान काढून चालू गाडीला लावणं. आज सेल्फ, उद्या अल्टरनेटर, मग गिअरबॉक्स. फेरी निघाली म्हणून सगळे खूश, पण जी गाडी थोड्या खर्चात रस्त्यावर आली असती ती भंगार होऊन बसते. नवीन आलेल्या पोरांना हा शॉर्टकट फार आवडतो, मला अजिबात पटत नाही. काढायचंच असेल तर जी लिलावात जायची ठरलीय तिचंच काढा, आणि नोंद करून.

एकदम सगळ्या गाड्या घेऊ नका. ६० गाड्या आणि १२ वर्षं आयुष्य धरलं तर दरवर्षी ५ लागतात, एका दमात ६० घेतल्या तर म्हाताऱ्यापण एकदमच होणार.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, महामंडळाच्यापण त्यात आल्या, तेव्हा कुठल्या गाडीची १५ वर्षं कधी भरतात त्या तारखा आत्ताच मांडून ठेवा.

बीएस-६ गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं द्रावण, लागतं, त्यात पाणी घालून भागवू नका, सेन्सर ओळखतो आणि पॉवर पडते. इलेक्ट्रिक येणार असतील तर महावितरणचा वाढीव लोड आधी मंजूर करून घ्या, गाड्या मागून येऊ देत.