गिअरबॉक्स खोललात? मग या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आली की गॅरेजात गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना गावी जायचं असतं, आणि घाईत खोललेला गिअरबॉक्स घाईतच बंद होतो. असे बॉक्स नंतर माझ्याकडे येतात, आणि चुका दर वर्षी त्याच.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग सारखा करणारी कडी) बदलली की काम झालं असं मानणं. ही मी स्वतः केली आहे. बेळगावहून भाजी आणणारा डिचोलीचा एक गिऱ्हाईक पिकअप घेऊन आला. तिसरा गिअर करकरत होता. रिंग झिजलेली दिसली, ती बदलली आणि बॉक्स चढवला. चार दिवसांनी भरलेली गाडी चोर्ला घाट उतरत असताना वळणावर तिसरा गिअर सुटून न्यूट्रलला आला. ब्रेकवर त्याने गाडी सावरली. बॉक्स पुन्हा उतरवून गिअरच्या बाजूचे बारीक दात उजेडात धरले, तर टोकं गोल झालेली. स्लीव्हच्या, म्हणजे सरकून गिअरला अडकणाऱ्या कड्याच्या, आतल्या दातांना मागच्या बाजूने हलका उतार असतो, तोच गिअरला धरून ठेवतो. तोही झिजून गेला होता. घाट उतरताना चाकं इंजिनाला ढकलतात, जोर उलट्या बाजूने येतो, आणि असे दात निसटतात.

तेव्हापासून रिंग, गिअर, स्लीव्ह आणि हब (ज्यावर स्लीव्ह सरकते तो मधला भाग) मी एकत्रच तपासतो. दातांवरून नख फिरवतो. स्लीव्हला सरकवणाऱ्या फोर्कची टोकं स्लीव्हच्या खाचेत बसवून किती हलतात तेही पाहतो, कारण झिजलेला फोर्क गिअर पूर्ण बसूच देत नाही.

रिंग नुसती डोळ्यांनी पाहून पास करू नका. ती गिअरच्या निमुळत्या भागावर (कोनवर) हाताने दाबून फिरवा, पकडली पाहिजे. दाबून धरूनच रिंग आणि दात यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगेला ती साधारण 1 मिमी असते आणि 0.5 मिमीच्या आसपास रिंग बाद होते, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. आतल्या बारीक रेघा ऑइलचा थर कापतात. त्यांची टोकं सपाट झाली की रिंग घसरते.

आणि सगळ्या रिंगा एका डब्यात टाकणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं: जी रिंग ज्या गिअरची, तिथेच ती परत गेली पाहिजे. मी प्रत्येक जोडी तारेत ओवून ठेवतो. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

बेअरिंग धुतल्यावर हवेच्या पाइपने गरगर फिरवू नका. कोरडं बेअरिंग तसं खराब होतं, कधी फुटून अंगावरही येतं. ऑइल लावून बोटांनी सावकाश फिरवा, खरखर हाताला कळते.

पावसाळ्यात धुतलेले पार्ट रात्रभर टेबलावर उघडे ठेवू नका. आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत गंज धरतो.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट असली तर चालते. कपचे मिळाले तर कुठला दात तुटलाय ते सापडेपर्यंत बॉक्स बंद करू नका.

ऑइल दुधासारखं निघालं तर पाणी गेलंय. मग सगळी बेअरिंगं उघडून पाहा.

नवं ऑइल सील बसवण्याआधी शाफ्टवर सीलने पाडलेली खाच नखाला लागते का बघा. लागली तर नवं सीलही गळणार.