भाड्याची बीट आणि आमचा पाच दिवसांचा अल्बम

आमचा पहिला रॅप अल्बम शुक्रवारी आला आणि पुढच्या बुधवारी सकाळी गायब झाला. एखादं गाणं नाही, आठच्या आठ. भांडुपला ट्रेनमध्ये चढत होतो तेव्हा आमच्या दुसऱ्या एमसीचा, म्हणजे सोबतच्या रॅपरचा, फोन आला, "अरे, आपलं पेज बघ." बघितलं तर गाण्यांची नावं करडी पडलेली, दाबून काही वाजेना. मला मुलुंडला उतरायचं होतं, उतरलो ठाण्याला.

लेबलशिवाय, स्वतःच्या पैशाने पहिला अल्बम काढायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. लिहायचं कसं, फ्लो कसा बसवायचा, हे तुम्हाला येत असणार. माइक कुठला घ्यावा हेही मला विचारू नका. कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर व्हिडिओ शूट केला, ही गोष्ट सगळे सांगतात आणि 'सामान लागत नाही' एवढाच अर्थ काढतात. सामान कमी लागतं, हे खरंच आहे. आम्ही सगळे व्होकल्स कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकून, रविवारी मेगाब्लॉकमुळे सगळे घरी सापडायचे तेव्हा रेकॉर्ड केले. दुसऱ्या ट्रॅकमध्ये कान देऊन ऐकलंत तर शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. काढली नाही. आमचं नुकसान शिट्टीने झालंच नाही. ते झालं एका कागदाने, जो आमच्याकडे होता आणि आम्ही वाचला नव्हता.

"बीट घेतली" असं आपण म्हणतो. बीट म्हणजे रॅपमागे वाजणारं तयार संगीत. इंटरनेटवरून तीसपस्तीस डॉलरला येते ती बीट घेतलेली नसते, भाड्याची असते. त्याला लीझ म्हणतात. चाळीतली खोली भाड्याने घेतली तर निदान त्या खोलीत आपण एकटे राहतो. इथे एकच खोली एकाच वेळी पन्नास जणांना दिलेली असते, आणि तेही कायदेशीर असतं, कारण कागदावर तसं लिहिलेलं असतं. आमच्या तिसऱ्या ट्रॅकची बीट अशीच होती. सोबत सात पानांची पीडीएफ आली. आम्ही पहिलं पान आणि किंमत वाचली. पाचव्या पानावर लिहिलं होतं की ही बीट वापरून केलेलं गाणं कंटेंट आयडीमध्ये नोंदवायचं नाही.

कंटेंट आयडी म्हणजे यूट्यूबचा पहारेकरी. तुमच्या गाण्याची फाइल त्याच्याकडे ठेवली की तो वर चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या फाइलशी ताडून बघतो. जुळलं की क्लेम, म्हणजे त्या व्हिडिओवर आपला दावा. आता डोकं लावा. आमच्या गाण्यात शब्द आमचे, पण सुरुवातीचे चार बार नुसती बीट. तीच बीट ज्याच्या ज्याच्या गाण्यात आहे, ते प्रत्येक गाणं या पहारेकऱ्याच्या लेखी 'आमचं' झालं. आणि त्याच्याकडे फाइल आम्हीच पाठवलेली. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपली गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबवर चढवून देणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती, तुमचं गाणं दुसऱ्याने वापरलं तर पैसे मिळवा, अशा अर्थाची. कोण नाही म्हणेल? केली टिक.

शनिवारी रात्री नांदेडच्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, ही बीट मी दोन वर्षांपूर्वी घेतलीये, पावती आहे. माझ्या गाण्यावर तुमचा क्लेम कसा?" आम्हाला वाटलं हाच चोर. आम्ही त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चोर आम्ही होतो. त्याच्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे आमच्या खात्याकडे वळले होते आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो.

त्याने डिस्प्यूट टाकला, म्हणजे क्लेमवर हरकत घेतली. डिस्प्यूटला उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्याला तीस दिवस मिळतात, म्हणून तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने थेट बीट बनवणाऱ्याला लिहिलं, बीटवाल्याने आमच्या डिस्ट्रिब्युटरला, आणि डिस्ट्रिब्युटरने अल्बमच खाली उतरवला. एकाच गाण्यापुरता का नाही? कारण आठही गाणी एकाच यूपीसीखाली, म्हणजे अल्बमच्या एकाच बारकोड नंबरखाली होती, एक गठ्ठा म्हणून. एक आंबा नासका निघाला आणि पेटी परत गेली.

इथपर्यंत वाचून कोणीतरी म्हणणारच, मग एक्स्क्लुझिव्ह घेऊ ना. आम्हीही म्हणालो होतो. एक्स्क्लुझिव्ह म्हणजे आजपासून पुढे ती बीट दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. आधी ज्यांनी लीझ घेतलीय, त्यांची लीझ मुदत संपेपर्यंत चालूच राहते. चार-पाचशे डॉलर मोजूनही नांदेडचा पोरगा त्याच्या जागी बरोबरच असता. म्हणून पैसे देण्याआधी बीटवाल्याला लेखी विचारा: आधी किती लीझ दिल्यात, कधीपर्यंतच्या? टाळाटाळ करणाऱ्याची बीट घेऊ नका, कितीही कडक असली तरी. आणि लीझची बीट असेल तर त्या ट्रॅकपुरती ती चौकट रिकामी सोडा. एवढंच करायचं होतं आम्हाला. एक टिक न करणं.

ती टिक करा, असं सांगणारा माणूसही होता. अंधेरीतला, 'सगळ्यांना ओळखणारा'. मेंटॉर म्हणून आमच्याकडून वीस टक्के बोलून घेतले होते. "चिल, सगळे असंच करतात." अल्बम उतरला त्या दिवसापासून त्याचा फोन बिझी. माझं मत कडू आहे, पण सांगतो: जो स्वतःच्या गाण्याचं रॉयल्टी स्टेटमेंट उघडून दाखवत नाही, त्याच्याकडून सल्ला घेऊ नका. चहा घ्या.

पैसे भरून स्ट्रीम वाढवून देणारे तर सरळ ब्लॉक करा. २०२४ पासून स्पॉटिफाय खोटे स्ट्रीम सापडले की डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, आणि तो फिरून आपल्याच माथी येतो. शिवाय वर्षभरात एक हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. आमच्या दोन गाण्यांचे अजून नाही झाले. चालतं.

घाबरलात? घाबरू नका. अल्बम तीन आठवड्यांत परत वर आला. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी नंबर असतो. सात गाणी त्याच नंबरांनी, तीच फाइल, तेच नाव ठेवून चढवली, तर त्यांचे जुने आकडेही परत आले. आधीचे नंबर कुठेतरी लिहून ठेवा, आम्ही योगायोगाने स्क्रीनशॉट काढला होता म्हणून वाचलो. नांदेडच्या पोराच्या गाण्यावरचा आमचा क्लेम सोडला, माफी मागितली. त्याने 'ठीक आहे दादा' एवढंच लिहिलं. त्याहून जास्त आमचा हक्कही नव्हता.

तिसऱ्या ट्रॅकची बीट मात्र नव्याने केली, आणि त्याला नवा नंबर लागला. आमच्या गल्लीत एक काका आहेत, गणपतीत बँजो पार्टीत ढोलकी वाजवतात. त्यांना कपाटासमोर बसवलं, गोधड्या टाकल्या, मेट्रोनोम कानात दिला. तो त्यांनी दोन मिनिटांत काढून ठेवला. "हे टिकटिक बंद कर, तू बोल, मी येतो मागून." जुन्या बीटपेक्षा ते गाणं चांगलं झालंय, असं मला वाटतं. दुसऱ्या एमसीला वाटत नाही.

यावेळी कागद केला. घरचाच माणूस असला तरी करा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "घे रे वापर" म्हणजे कागद नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं तर जगभर वाजणार, म्हणून 'जगभर' हा शब्द घालाच. कोणाला किती टक्के तेही त्यातच. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घ्या. डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे, लिहिणाऱ्याचे वेगळे असतात.

मी काकांना सगळा कागद मराठीत वाचून दाखवला. दीड पान. त्यांनी चष्मा लावून परत स्वतः वाचला, दोनदा, आणि 'जगभर'वर बोट ठेवलं. "म्हणजे दुबईत पण?" हो, म्हटलं. मग त्यांनी आधी बोलणं झालेल्या दहा टक्क्यांचे पंधरा करून घेतले, आणि सही केली.