मालव्यात ढोरं चरायला कधी सोडायची? पाऊस बघून ठरवा

इंदूरजवळ राऊ, महू, सिमरोलकडे आपल्या बऱ्याच लोकांच्या दोन-चार गायी आहेत, आणि पहिली सर पडून रान जरा हिरवं दिसलं की लगेच सोडतात. थांबा हो जरा!

आधी मे महिन्यातच घटसर्प (इकडे गलघोंटू म्हणतात तो) आणि फऱ्या या ढोरांच्या रोगांची लस टोचून घ्या, डॉक्टरला विचारून जंताचं औषधही द्या. हे झालं की मग पावसाची वाट.

मान्सून इंदूरला जूनच्या मध्यानंतर येतो. नवीन कोंबात पाणीच जास्त, पोट काही भरत नाही, गाय दिवसभर त्याच्यामागे फिरते आणि गवत मुळासकट उपटते, मग ऑगस्टमध्ये रान बोडकं. गवत वीतभर होऊ द्या, साधारण तीन आठवडे, तोवर गोठ्यात भुसा चालू ठेवा.

आता खरी भानगड म्हणजे आपली काळी माती. रानात जाऊन टाच दाबून बघा, खड्ड्यात पाणी साठलं तर त्या दिवशी तिथे ढोरं नाही न्यायची, कारण माती तुडवून घट्ट होते, गवत परत फुटत नाही आणि चिखलात राहून खुरं सडतात ती वेगळीच. झडीच्या दिवसांत मुरमाड उतारावर न्या, तिथे पाणी निथळतं.

पावसाने दडी मारली तर ज्वारीपासून लांब राहा! फुलोऱ्याच्या आधीची कोवळी, सुकत चाललेली ज्वारी विषारी होते, गाय तासाभरातसुद्धा जाऊ शकते.

सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली आणि गवत फुलोऱ्यात असलं की थोडं कापून वाळवा, नंतर नुसत्या काड्या उरतात. सोयाबीन निघाल्यावर शेतं मोकळी होतात पण सांडलेले दाणे भरपेट खाल्ले की पोट फुगतं, म्हणून आधी थोडा सुका चारा घालून मगच सोडा.

घाट उतरून महेश्वरकडे गेलात तर हा हिशेब बदलतो, इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, खाली निमाडात ऊन जास्त आणि गवत आधी वाळतं.

उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि मग संध्याकाळी पाचनंतरच ढोरं चरायला न्या. तेव्हा रानात मिळतं ते नावापुरतं, चारशे किलोच्या गायीला रोज दहा किलो तरी सुका चारा लागतो, म्हणून भुसा गहू निघतो तेव्हाच भरून ठेवा, पावसाच्या तोंडावर सगळेच शोधत असतात.